मार्च-एप्रिलचा बर्फ, अवकाळी आणि गारा : पुढच्या तीन दिवसांचा अंदाज कसा वाचायचा?

मेघदर्शी

मार्च सरत आला की माझ्याकडे दोन प्रकारची विचारणा सुरू होते. सहलीला निघालेले विचारतात, "श्रीनगरला ट्यूलिप बघायला जातोय, पाऊस लागेल का? सोनमर्गला बर्फ असेल ना?" आणि गावाकडून फोन येतो, "माल अजून वेलीवर आहे, गारांचं काय म्हणतायत?" या दोन्ही प्रश्नांचं उत्तर बऱ्याचदा एकाच नकाशावर असतं, म्हणून हा धागा काढतोय. कोणाकडे अनुभव असेल, माहिती असेल, त्यांनी जरूर भर घालावी.

आपल्याकडे बातम्यांत 'पश्चिमी चक्रावात' हा शब्द येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघणाऱ्या या प्रणाली पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत हिमालयाला येऊन धडकतात. ऐन हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा येतात. मार्चनंतर त्यांची संख्या कमी होते, पण तोवर जमीन तापलेली असते. त्यामुळे जानेवारीत जी प्रणाली शांतपणे बर्फ टाकून गेली असती, तीच आता गडगडाट, गारा आणि सोसाट्याचा वारा घेऊन येते.

तीन दिवसांचा ठरलेला क्रम साधारण असा. पहिल्या दिवशी काश्मीर आणि लडाखचा पश्चिम भाग. दुसऱ्या दिवशी हिमाचल, उत्तराखंड आणि खाली पंजाब-हरियाणात पाऊस. तिसऱ्या दिवशी प्रणाली पूर्वेकडे सरकते आणि मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे येतात. या प्रणालीची द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, दक्षिणेला गुजरात-मध्य प्रदेशापर्यंत उतरली, तर आपल्यालाही तिचा फटका बसतो. वरच्या थरात थंड हवा येते, खालच्या थरात बंगालच्या उपसागरावरून आग्नेयेचे बाष्प आलेले असते, आणि विदर्भ-मराठवाड्यात दुपारचा पारा अडतीस-एकोणचाळीसला टेकलेला असतो. दुपारी तीननंतर ढग उभे राहायला एवढं पुरतं.

गारा मेपेक्षा मार्च-एप्रिलमध्ये जास्त का पडतात, हा प्रश्न नेहमी येतो. गार ढगात शून्य अंश तापमानाच्या पातळीच्या वर तयार होते. मार्चमध्ये ती पातळी आपल्याकडे चार-साडेचार किलोमीटरच्या आसपास असते. पुढे हवा तापत जाते, पातळी वर सरकते आणि गार जमिनीवर येईपर्यंत बरीचशी वितळते. २०१४ ची फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्यापर्यंत चाललेली गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना हा काळ किती वाईट असतो हे सांगायला नको.

आता अंदाज वाचण्याबद्दल. हवामान विभागाचा 'दिवस' सकाळी ८:३० ला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी ८:३० ला संपतो. मंगळवारी पहाटे पाच वाजता पडलेला पाऊस हा सोमवारी ८:३० ला सुरू झालेल्या दिवसाचा. "सोमवारी सांगितला होता, पडला मंगळवारी, अंदाज चुकला" या तक्रारीचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. तसंच 'तुरळक ठिकाणी' ही मोजून केलेली भाषा आहे. त्या विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी', २६ ते ५० टक्के असेल तर 'काही ठिकाणी', ५१ ते ७५ टक्क्यांना 'बऱ्याच ठिकाणी' आणि त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी'. म्हणजे मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस असा अंदाज असताना तुमचं गाव कोरडं राहिलं, तर तो अंदाज बरोबरच आला!

रंगांचं थोडक्यात : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा. हा रंग नुसत्या मिलिमीटरवरून ठरत नाही. ती गोष्ट घडण्याची शक्यता किती आणि घडली तर नुकसान किती, या दोन्हींचा त्यात विचार असतो.

डोंगरवाट

वेळेवर आलेला धागा, मनापासून आभार. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन काश्मीरला जातोय. श्रीनगर, गुलमर्ग, सोनमर्ग, पहलगाम. मोबाइलमधलं अ‍ॅप आत्ताच सांगतंय की आम्ही गुलमर्गला असू त्या दिवशी दुपारी दोन वाजता बर्फ पडेल. यावर किती विसंबायचं? बाबांना गुडघ्याचा त्रास आहे, त्यामुळे ओल्या बर्फात चालणं टाळायचंय.

मेघदर्शी

@डोंगरवाट, दहा दिवस आधीचा 'दुपारी दोन' हा आकडा मनावर घेऊ नका. संगणकावरच्या हवामान-प्रतिकृतीने (मॉडेलने) काढलेली आकडेमोड अ‍ॅप जशीच्या तशी दाखवतं, त्यावर कोणा माणसाची नजर फिरलेली नसते. पाच दिवस आधी एवढंच बघा की पश्चिमी चक्रावात येतोय का. तीन दिवस राहिले की कुठल्या दिवशी कुठे जायचं तो क्रम ठरवा. आणि आदल्या संध्याकाळी श्रीनगरच्या हवामान केंद्राचं पत्रक वाचून तो पक्का करा.

तुमच्या सहलीत खरा खेळ उंचीचा आहे. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटरवर, पहलगाम २,१०० च्या पुढे, गुलमर्ग साधारण २,६५०, सोनमर्ग २,७०० च्या वर. गुलमर्गच्या गंडोल्याचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा तर अफरवट डोंगरावर ३,९०० मीटरच्या पलीकडे नेतो. बर्फ शून्य अंशाच्या पातळीखाली आणखी दोन-तीनशे मीटरपर्यंत टिकून पडतो, त्याखाली तो पाऊस होतो. एप्रिलच्या सुरुवातीला एकाच संध्याकाळी श्रीनगरला पाऊस, गुलमर्गला चिकचिकीत ओला बर्फ आणि अफरवटवर कोरडा भुसभुशीत बर्फ असं अगदी सहज होतं. अंदाजात 'उंचावरील भागात बर्फवृष्टी' असे शब्द असतील तर तुमचं हॉटेल त्या उंचीच्या वर येतं की खाली, एवढं बघा.

वारा वाढला की गंडोल्याचा वरचा टप्पा बंद ठेवतात. म्हणून गुलमर्ग सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. जम्मूहून रस्त्याने जाणार असाल तर रामबनच्या पट्ट्याकडे विशेष लक्ष द्या. २० एप्रिल २०२५ ला तिथे मुसळधार पावसाने दरडी कोसळल्या, माणसं दगावली आणि महामार्ग बंद पडला. आता कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे आहे. आई-बाबा बरोबर असताना मी तोच मार्ग धरेन.

शिवालिक_साद

नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, बरीच वर्षं चंदीगडला आहे. ह्यांची नोकरी डोंगरात, त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल आमच्या घरात रोज सकाळी चहाच्या आधी हिमस्खलनाचं पत्रक वाचलं जातं. ते इथलीच संरक्षण खात्याची एक संशोधन संस्था काढते. पूर्वी तिचं काम मनालीहून चालायचं. जिल्हा आणि उंची यांनुसार त्यात धोक्याची पातळी दिलेली असते. पर्यटकांना ते असतं हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. बर्फ पडत असताना लोक खोलीत बसून राहतात. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं, सगळे खूश होऊन गाड्या काढतात, उताराखाली थांबून फोटो काढतात. खरा धोका त्याच दिवशी असतो. रात्रीतून पडलेला नवा थर जुन्या कडक थरावर नुसता टेकलेला असतो, तो अजून बसलेला नसतो. वसंतातलं ऊन त्याला दुपारपर्यंत ओला आणि जड करतं. अंदाजात 'उद्यापासून हवामान कोरडे' असं वाचलं तर ती उताराखाली जायची परवानगी समजू नका. त्या दिवशी जायचंच असेल तर पहाटे, थर गोठलेला असताना जाऊन दुपारच्या आत परत या.

२८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमकडा आला. ५४ कामगार अडकले, ४६ जणांना वाचवलं, ८ जण गेले. हिवाळा संपत आला होता, खाली मैदानात लोकांनी स्वेटर ठेवून द्यायला काढले होते. तो दिवस आमच्या घरात कोणी विसरलेलं नाही.

सह्यवेडी

ताई, अंगावर काटा आला. आमचा गट एप्रिलमध्ये केदारकंठ्याला जायचा विचार करत होता. तुमचा 'दुपारच्या आत परत' हा मुद्दा गटावर टाकला आहे.

निफाडचा_बागायतदार

धागा चांगला आहे, पण आमची अडचण वेगळी आहे. 'नाशिक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता' हे वाचून मी नक्की काय करू? माझ्याकडे द्राक्षांचे अजून दोन प्लॉट उभे आहेत. एकाची गोडी भरली आहे, दुसऱ्याला आठवडाभर तरी हवा. अंदाज आला की सगळा तालुका एकदम माल काढायला धावतो, मजूर मिळत नाहीत, व्यापारी भाव पाडतो. नाही काढला आणि गार आली, तर पाच मिनिटांत वर्ष गेलं.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गार मण्याला लागली की लगेच काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी त्या जागी तपकिरी डाग पडतो, मग साल तिथून आत बसते. घडात असे चार मणी असले तरी तो घड निर्यातीतून बाद. आणि गार नाही पडली, नुसता पाऊस झाला, तरी पिकलेला मणी पाणी ओढून देठाजवळ तडकतो. रस गळतो, खालच्या मण्यांवर उतरतो, माश्या बसतात, कुज सुरू होते. घड हातात घेतला की बोटं चिकटतात. मग तो माल वायनरीवालाही घेत नाही.

मेघदर्शी

दादा, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गारांचा पट्टा बऱ्याचदा काही किलोमीटरच रुंद असतो. चोवीस तास आधी तो निफाडवर येईल की चांदवडवर, हे आज जगात कोणालाही सांगता येत नाही. मे २०२५ मध्ये आपल्याकडे 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत ती तयार झाली आणि अंदाजासाठी ती नकाशाच्या ज्या चौकटी पाडते त्या ६ किलोमीटरच्या आहेत, आधी त्या १२ च्या होत्या. सुधारणा मोठी आहे, तरी गारेचा एकेक ढग त्या चौकटीतूनही निसटतो. त्यामुळे जिल्ह्याचा तीन दिवसांचा अंदाज आणि पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा, म्हणजे नाऊकास्ट, ही दोन वेगळी हत्यारं आहेत असं समजा. तीन दिवसांच्या अंदाजावर मजूर, क्रेट, गाडी, आच्छादन ठरवायचं. तीन तासांच्या इशाऱ्यावर माणसं आणि जनावरं आडोशाला न्यायची, काढलेला माल झाकायचा.

गोडी भरलेल्या प्लॉटसाठी मी असं करेन : सलग दोन दिवस नारंगी इशारा असेल आणि त्यात 'गारपीट' हा शब्द स्पष्ट असेल, तर थांबायचं नाही. नुसता पिवळा असेल आणि 'मेघगर्जनेसह हलका पाऊस' म्हटलं असेल, तर दुसऱ्या दिवशी दुपारी सुधारित अंदाज बघून ठरवायचं. न भरलेल्या प्लॉटचं मात्र अंदाज कितीही चांगला असला तरी सांगता येणार नाही. तिथे प्लास्टिक आच्छादन हाच उपाय, आणि त्याचा खर्च लहान बागायतदाराला एकट्याने पेलणारा नाही. यासाठी अनुदानाची मागणी सगळ्यांनी मिळून लावून धरायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

बेदाणा_तासगाव

आमच्याकडचं थोडं. बेदाण्याला पावसापेक्षा दमट हवा वाईट. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून रॅकवर टाकली की ती सुकायला दोन आठवडे तरी लागतात. त्यात मधेच दोन दिवस ढगाळ गेले तर हिरवा बेदाणा लालसर-काळपट पडतो. पाऊस शेडच्या छपरावर पडला काय आणि शेजारच्या गावात पडला काय, ओल आत येतेच. म्हणून आम्ही अंदाजात पावसाचा आकडा बघत नाही. आर्द्रता आणि ढगांचं प्रमाण बघतो. कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, मेघदूत अ‍ॅपवर जिल्हावार मिळतो, त्यात पुढच्या पाच दिवसांची आर्द्रता दिलेली असते. आर्द्रता चढती दिसली की नवीन माल रॅकवर टाकायचा नाही आणि शेडच्या बाजूचे पडदे सोडायचे. पाऊस थांबला की पहिल्यांदा पडदे वर करायचे, नाहीतर आतच घाम धरतो.

अंकुर_डेन्व्हर

कोल्हापूरचा, सध्या अमेरिकेत कोलोरॅडोला. इथे सरासरीने वर्षातला सर्वांत जास्त बर्फ मार्चमध्ये पडतो, त्यामुळे या धाग्याशी लगेच नातं जुळलं. मार्च २०२१ च्या वादळात डेन्व्हरला २७ इंचांहून अधिक बर्फ पडला होता. वसंतातला हा बर्फ पाण्याने जड असतो, पालवी फुटलेल्या फांद्या त्याने मोडतात, विजेच्या तारा तुटतात.

इथल्या राष्ट्रीय हवामान सेवेची एक पद्धत मला आवडते. एकच आकडा देण्याऐवजी ते 'कमीत कमी एवढा, बहुधा एवढा, जास्तीत जास्त एवढा' असे तीन आकडे देतात. टोकाचे आकडे दहात एकदा घडू शकतील असे असतात. शिवाय अंदाज काढणारा माणूस रोज एक टिपण लिहितो : कशाची खात्री आहे, कशाची नाही, कुठल्या प्रतिकृतींचं जुळत नाही. निफाडच्या दादांना नेमकं हेच हवं आहे असं वाटतं.

मेघदर्शी

@अंकुर, अगदी पटलं. आपल्याकडेही पत्रकात शक्यतेचे शब्द असतात, पण बातमीत येईपर्यंत ते गळतात आणि 'राज्यात गारपीट होणार' एवढंच उरतं. मूळ पत्रक मराठीतून, जिल्ह्याच्या पातळीवर, खात्री किती आहे हे सांगत लोकांपर्यंत जावं. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकातून रोज हजारो पुणेकर जातात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, त्यावरून ते नाव पडलं. हिमालय आणि महाराष्ट्र यांना जोडणारं इतकं मोठं काम ज्या शहरातून चाललं, तिथे ते साध्या मराठीत लिहिणारी माणसं नक्की मिळतील.

सह्यवेडी

एक प्रश्न. बर्फ उशिरा पडायला लागलाय का? जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग उघडं पडल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये पडला तर भरपाई होते ना?

शिवालिक_साद

@सह्यवेडी, पूर्ण भरपाई होत नाही. डोंगरातले बागायतदार बर्फाला 'सफेद खाद' म्हणतात, पण ते डिसेंबर-जानेवारीच्या बर्फाबद्दल. तो थंडीत थरावर थर बसतो, हळूहळू मुरतो, सफरचंदाच्या झाडाला हवी ती थंडी देतो. मार्च-एप्रिलचा बर्फ चार दिवसांत पाणी होऊन वाहून जातो. उलट तोवर सफरचंदाला फुलोरा आलेला असतो. त्यात बर्फ किंवा गारा पडल्या, पारा घसरला, मधमाश्या बाहेर पडल्या नाहीत, तर फळधारणाच होत नाही. काठमांडूच्या इसिमोड संस्थेने २०२५ च्या हंगामात हिंदुकुश-हिमालयात बर्फ टिकून राहण्याचं प्रमाण सरासरीपेक्षा २३.६ टक्के कमी असल्याचं नोंदवलं होतं. सलग तिसरं कमी बर्फाचं वर्ष. उन्हाळ्यात नद्यांना येणारं पाणी यावर बरंच अवलंबून असतं.

वऱ्हाडी_मन

विदर्भाकडून एक विनंती. गारांची चर्चा होते, पण अवकाळीत माणसं जातात ती वीज आणि वाऱ्याने. ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यात पारस इथे वादळात झाड मंदिराच्या टिनाच्या शेडवर कोसळलं आणि आडोशाला उभी असलेली ७ माणसं गेली. अंदाजात 'ताशी ४०-५० किमी वेगाने सोसाट्याचा वारा' असं असेल तर झाडाखाली आणि टिनाच्या शेडमध्ये थांबू नका. पक्क्या घरात जा. विजेसाठी दामिनी अ‍ॅप ठेवा, जवळपास वीज पडत असेल तर ते सूचना देतं. आमच्याकडे संत्र्याचा आंबिया बहार असतो, दुपारी चारला सगळे बागेत असतात. प्रत्येक बागेत एकाच्या तरी फोनवर ते असावं.

डोंगरवाट

सगळ्यांचे आभार. आता गुलमर्ग मधल्या दिवशी घेतलं आणि परतीच्या आधी एक दिवस श्रीनगरला मोकळा ठेवला. अजून एक : मे महिन्यात काका-काकू केदारनाथला जाणार आहेत. तोवर बर्फ संपलेला असेल ना?

मेघदर्शी

नाही, तसं धरून चालू नका. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. २०२३ मध्ये २५ एप्रिलला दरवाजे उघडले आणि त्यानंतरही बर्फ इतका पडत राहिला की केदारनाथची नोंदणी मधे थांबवावी लागली होती. काका-काकूंना एक-दोन दिवस हाताशी ठेवायला सांगा. डेहराडून केंद्राचं पत्रक गौरीकुंडहून निघायच्या आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी बघा. वर चढताना दुपारनंतर पाऊस-बर्फ येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून पहाटे निघणं सगळ्यात बरं. गरम कपड्यांइतकंच पाणी न झिरपणारं जाकीट महत्त्वाचं. शून्याच्या आसपास भिजलेला माणूस कोरड्या बर्फातल्या माणसापेक्षा लवकर गारठतो.

निफाडचा_बागायतदार

मेघदर्शी साहेब, आजचं दुपारचं पत्रक बघितलं. उद्या आणि परवा आमच्याकडे नारंगी, आणि गारपीट असं स्पष्ट लिहिलंय. भरलेला प्लॉट उद्या पहाटेपासून काढायला घेतोय, मजुरांची टोळी ठरली, दुपारी दोनच्या आत गाडी भरायची. दुसरा तसाच ठेवतो. क्रेट कमी पडतायत. पिंपळगाव, ओझर, लासलगाव भागात कोणाकडे रिकामे क्रेट असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, संध्याकाळी स्वतः येऊन नेतो.

बेदाणा_तासगाव

दादा, ओझरला आमचे पाहुणे आहेत, त्यांचा माल गेल्या आठवड्यातच निघाला. क्रेट असतील. नंबर व्यनित टाकतोय, लगेच फोन करा.